डुकराची लस आणि लोहाची चोरी

इथे कॅलगरीत आपल्यापैकी बऱ्याच घरांत डुकराचं मांस येत नाही, मला ठाऊक आहे. तरीही आज पाच मिनिटं डुकरांसाठी द्या. त्यांना दिली जाणारी अँटिबायोटिक्स आणि आपल्या मुलांना डॉक्टर देतात ती, बरीचशी एकाच कुळातली. जंतू तिकडे त्यांना सरावले, तर इकडे दवाखान्यातही तीच औषधं लागू पडेनाशी होऊ शकतात. म्हणून कॅनडात १ डिसेंबर २०१८ पासून जनावरांसाठी अशी औषधं पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. पण चिठ्ठी सक्तीची केली म्हणून पिल्लं आजारी पडायची थांबत नाहीत. त्यासाठी लस हवी.

ग्लासर रोगाचंच बघा. त्याचा जंतू निरोगी डुकराच्या नाकात गुपचूप राहतो. पिल्लाला आईच्या चिकातून संरक्षण मिळतं (गाईच्या चिकाचा आपण खरवस करतो, तसलाच चीक). दूध तोडलं, जागा बदलली, चिकाचा जोर ओसरला, की जंतू रक्तात शिरतो. सांधे सुजतात, हृदयाच्या आवरणाला सूज येते, मेंदूच्या आवरणालाही. कधी सकाळी पिल्लू मेलेलंच सापडतं.

जुनी लस म्हणजे मारलेले अख्खे जंतू. पण या जंतूचे पंधरा प्रकार, आणि एका प्रकारावरची लस दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

मग संशोधकांनी विचारलं, या जंतूला कशावाचून चालतच नाही? उत्तर आलं, लोह. रक्तातलं लोह ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन सांभाळतं. जंतूच्या अंगावर ते पकडणारा एक आकडा असतो, तोही प्रथिनाचाच, आणि तो फक्त डुकराच्याच ट्रान्सफेरिनमध्ये अडकतो. या आकड्याचं जनुक प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी जंतूत घालून नुसता आकडा तयार करता येतो. तुमच्या मुलांना दिलेली हिपॅटायटिस बीची लस अशाच रीतीने, यीस्टमध्ये बनते.

खरी गंमत पुढे आहे. आकडा डुकराला टोचला, की डुकराचंच ट्रान्सफेरिन त्याला जाऊन चिकटतं आणि नेमका मोक्याचा भाग झाकून टाकतं. सशाला टोचला असता तर हे कळलंही नसतं! म्हणून कॅलगरी विद्यापीठ, स्पेन आणि ब्राझीलच्या संशोधकांनी आकड्यातला एकच दुवा बदलून तो मुद्दाम बोथट केला. २०१५ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की या बिघडवलेल्या आकड्याने पिल्लांना मूळ आकड्यापेक्षा जास्त संरक्षण दिलं. मला तरी या सगळ्या कामात हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

आता अडचण वेळेची. लस फार लवकर टोचली, तर आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडंच तिला आडवी येऊ शकतात. उशीर झाला, तर जंतू आधी पोचतो. शिवाय प्रत्येक पिल्लाला टोचायची लस स्वस्तच असायला हवी, नाहीतर शेतकरी पुन्हा औषधाच्या चिठ्ठीकडे वळेल.

काही विचारायचं असेल तर नेहमीप्रमाणे कार्यक्रमानंतर फोन करा.