नर्सबाई पुन्हा शाळेत जातात



मार्गशीर्षात दत्तजयंती जवळ आली की तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. एकमुखी दत्ताच्या या यात्रेला दूरदूरचे व्यापारी येतात. तिथला जुना गिऱ्हाईक घोडा कसा पारखतो, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आधी दात बघायचे, मग अंगावरचे भोवरे, मग चार पावले चालवून चाल. ही विद्या त्याला कोणी पुस्तकातून दिलेली नसते. अशा माणसाला तुम्ही म्हणालात की, दादा, आता दोन वर्षे कॉलेजात जाऊन घोड्याचे शास्त्र शिका, तर तो तुम्हांलाच वेड्यात काढील.

नोकरी करणाऱ्या नर्सबाईने पदवीचे नाव काढले की लोकांना तसेच वाटते. पंधरा वर्षे नोकरी झाली, शेकडो बाळंतपणे हातून पार पडली, पोरे मोठी होत आली, आणि आता ही बाई म्हणते मला बी.एस्सी. व्हायचे आहे! घरी सासूबाई म्हणतात, "आते कसानी शाया व माय?" शेजारीण म्हणते, पगार तर चालू आहे, मग हा उपद्व्याप कशाला? आणि गावातले कारभारी म्हणतात, बाई शिकायला गेल्या तर दवाखान्यात रात्री कोण उठणार? या तिसऱ्या प्रश्नाकडे मी पुढे येणार आहे, कारण तो खरा आहे.

आधी ही पदवी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपल्या उपकेंद्रात असते ती ए.एन.एम., दोन वर्षांचे शिक्षण घेतलेली. रुग्णालयात असते ती बहुधा जी.एन.एम., तीन वर्षांची पदविका झालेली. बारावी झालेली मुलगी थेट पदवीला गेली तर तिला चार वर्षे लागतात. पण जी.एन.एम. होऊन परिषदेत नाव नोंदवलेल्या, बारावी झालेल्या परिचारिकेसाठी दोन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम आहे. त्याला पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग म्हणतात. ए.एन.एम. बाईंना मात्र आधी जी.एन.एम.ची पायरी चढावी लागते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने १९९० नंतरच्या दशकात नोकरीतल्या परिचारिकांसाठी हीच पदवी दूरशिक्षणाने आणली. तिला वर्षे जास्त लागतात, आणि प्रात्यक्षिकासाठी केंद्रावर हजर राहावेच लागते. रोग्याची सेवा टपालाने शिकता येत नाही, हे बरेच आहे.

आता मूळ मुद्दा. काम येते, मग शिकायचे काय?

बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून बाईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, हे प्रत्येक नर्सबाईला पाठ आहे. हे औषध थंड जागी, दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते. आपल्या खानदेशचा उन्हाळा चाळीस-पंचेचाळीस अंशांचा. वीज गेली, फ्रिज बंद पडला, औषध तापले, तरी काचेच्या कुपीत ते पूर्वीसारखेच स्वच्छ पाण्यासारखे दिसते. त्याची शक्ती मात्र कमी झालेली असू शकते. 'थंड ठेवा' एवढाच नियम ज्या बाईला सांगितलेला आहे, ती नियम पाळील. पण तो कशासाठी ते जिला कळले आहे, ती वीज गेल्याची वेळ लिहून ठेवील, वरच्या साहेबाशी भांडून बर्फाची पेटी मिळवील, आणि इंजेक्शन देऊनही रक्त थांबत नसेल तर औषधावर भरवसा ठेवून बसणार नाही. ती तातडीने गाडी बोलावील. बाळंतिणीच्या बाबतीत एवढ्या फरकाने जीव वाचतो किंवा जातो.

जलसंजीवनीचेही तसेच. पाकीट लिटरभर पाण्यात घाला, असे नर्सबाई हजारदा सांगते. एखादी आई म्हणते, बाई, गोड केले की पोर पटपट पिते, मी आणखी साखर घातली. आता साखर का घातलेली असते? ती आतड्यात मिठाला आणि पाण्याला आपल्याबरोबर अंगात ओढून नेते म्हणून. प्रमाणाबाहेर गेली तर उलट पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. पदवीच्या पहिल्या वर्षाला जीवरसायनशास्त्र आहे, त्यात हे येते. ज्या बाईला हे उमगले ती त्या आईवर रागावणार नाही, तिला समजावून सांगू शकेल.

दुसऱ्या वर्षाला संशोधन आणि संख्याशास्त्र आहे. या विषयाला परिचारिका फार भितात. माझ्या मते आपल्या जिल्ह्याला सर्वांत जास्त उपयोगाचा विषय तोच. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातले सुमारे एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत, आणि भिल्ल, पावरा समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. आईबाप दोघेही वाहक असतील, तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हे ऐकून घरचे लोक हिशेब करतात की, पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली निघणार. हा हिशेब साफ चुकीचा आहे. गाडग्यात चार चिठ्ठ्या आहेत, एक काळी आणि तीन पांढऱ्या, आणि प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी परत आत टाकायची आहे. दर गरोदरपणात चारांत एक ही शक्यता तशीच उभी राहते. हे घरच्यांना पटवून देणारी नर्सबाई पुढच्या गरोदरपणी वेळेवर तपासणी घडवून आणील.

आणि ती रजिस्टरे! आमच्या नर्सबाई किती लिहितात, हे ज्याने पाहिले नाही त्याला कल्पना यायची नाही. नाव, वय, कितवे बाळंतपण, बाळाचे वजन. महिन्याच्या शेवटी बेरीज वर जाते आणि वही कपाटात जाते. आपल्या भागातली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिकडून परतलेल्या आयांची बाळे अडीच किलोच्या आत किती, आणि गावातच राहिलेल्या आयांची किती? याचे उत्तर त्या वहीत असू शकते. ते कसे काढावे, किती नोंदी पुरतात, कोणती तुलना फसवी असते, हे संख्याशास्त्र शिकवते. म्हणजे बाई नुसती वही भरणार नाही, ती वाचूही लागेल.

नोकरी करता करता, संसार सांभाळून शिकणे हे आपल्याकडे नवे नाही. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि तिथल्या विधवा व सवाष्ण बायांना परिचर्या शिकायला ससून रुग्णालयात पाठवले. परक्या पुरुषाला, परजातीच्या रोग्याला हात लावायचा म्हणून त्या काळी केवढा गहजब झाला असेल! पुढे १९४६ साली भोर समितीने देशाचा हिशेब मांडला, तेव्हा त्रेचाळीस हजार माणसांमागे एक परिचारिका होती. त्याच साली दिल्लीला आणि वेल्लोरला परिचर्येची पदवी सुरू झाली. मुंबईत श्रीमती नाथीबाई ठाकरसी विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ चे. आज महाराष्ट्रातली अशी बहुतेक महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते विद्यापीठ १९९८ चे.

आता कारभाऱ्यांचा प्रश्न. बाई गेल्या तर रात्री कोण उठणार? सरकारी मापाप्रमाणे सपाटीवर पाच हजार वस्तीला आणि आदिवासी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र, तीस आणि वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. अशा ठिकाणची एक बाई दोन वर्षे गेली तर तिची उणीव कागदावर दिसत नाही, खाटेवर दिसते. म्हणून अभ्यासाची रजा देताना बदली माणूस दिलाच पाहिजे. ग्रामपंचायतीने आणि आरोग्य समितीने यासाठी ठराव करून पाठपुरावा करावा. बाईला अडवून धरणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

दुसरी गोष्टही झाकून ठेवीत नाही. पदवी घेतली की पद आणि पगार लगेच वाढतोच असे नाही, आणि पदवीधर झालेल्या कित्येक बाया शिकवण्याच्या नोकरीत किंवा शहरात जातात. त्यांना दोष देववत नाही. मात्र २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्याची योजना देशात आली, आणि त्या जागांसाठी परिचर्येच्या पदवीधरांचाही विचार होतो. गावातच राहून वरची जबाबदारी घेण्याची ही एक वाट आहे. ती आणखी रुंद व्हायला हवी.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता थोडे तुमच्याशी. व्हर्नाक्युलर फायनलवर नोकरीला लागून पुढे मॅट्रिक, मग बी.ए. झालेले गुरुजी तुमच्याच परंपरेतले. कोसबाडच्या अनुताई वाघ रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झाल्या आणि पन्नाशीच्या सुमारास पदवीधर झाल्या. तेव्हा चाळिशीची बाई वही घेऊन बसली, यात तुम्हांला तरी नवल वाटू नये.

तिची अडचण कुठे आहे ते तुम्हांला चांगले ठाऊक आहे. पुस्तके इंग्रजी. रोग्याशी अहिराणीत, पावरीत बोलणारी बाई उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहिताना अडखळते. सरासरी, मध्यांक, शेकडेवारी हे शब्द तिने शाळा सोडल्यावर पुन्हा पाहिलेले नसतात. तुमच्यासाठी हा आठवी-नववीचा धडा आहे. रविवारी सकाळी दोन तास, शाळेची एक खोली, एक फळा, एवढ्यावर भागते. उदाहरणे तिच्याच रजिस्टरातली घ्या, फक्त नावे झाकून. बाळांची वजने मांडा, सरासरी काढा, आलेख काढा. इंग्रजीसाठी रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या आणि त्याचा अर्थ तिच्याकडून मराठीत लिहून घ्या.

घरच्या मंडळींनी काय करावे तेही सांगतो. परीक्षेच्या आधीचे दोन महिने संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणी तरी करावा. नवऱ्याने केला तरी भाकरी भाजतेच.

आणि जिला अर्ज करायचा आहे त्या बाईसाठी: बारावीची गुणपत्रिका, जी.एन.एम.ची पदविका, परिषदेच्या नोंदणीचा दाखला आणि कार्यालयाची लेखी परवानगी हे चार कागद आधी एकत्र करा. नोंदणीचे नूतनीकरण राहिले असेल तर ते आजच उरकून घ्या. प्रवेश वर्षातून एकदाच होतो.