घोरणे थांबले, पण श्वास?

वाशी-नेरूळच्या लोकलमध्ये पेंगणाऱ्याला आम्ही नवी मुंबईकर दमलेला म्हणतो, आणि रात्री घोरणाऱ्याला गाढ झोपलेला! पण झोपेत १०-१० सेकंद श्वास अडत असेल, तासाला ५ किंवा अधिक वेळा असे घडत असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर तो रोगच होय. मऊ टाळूत सुई घालून रेडिओलहरींच्या उष्णतेने तो भाग ताठ करतात. घोरणे कमी होते. श्वास अडणे थांबेलच असे मात्र नाही. पहारेकऱ्याचे तोंड बांधल्याने चोरी टळत नाही! म्हणून आधी झोपेची तपासणी करावी. दुखणे तीव्र निघाल्यास, १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पुढे आणलेला, नाकावाटे दाबाने हवा देण्याचा उपाय प्रथम. सुईचा विचार मागाहून.