पंधरा रुपयांची तारामती



नटाचे चरित्र सांगायला युनियनवाला कशाला बोलावला, असे आपल्या मनात आले असेल. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कामगारांची पगारपत्रके तपासताना आणि रात्री जागून वाचताना. अण्णा साळुंके यांची ओळखही मला पगाराच्या आकड्यानेच झाली.

१९१२ साली दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती शोधत होते. घरंदाज स्त्रिया सोडाच, नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकाही पडद्यावर यायला तयार होईनात. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा नाजूक हातांचा तरुण त्यांच्या नजरेत भरला. त्याला तिथे महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. पाच रुपयांच्या वाढीवर आपल्या चित्रपटाला पहिली नायिका मिळाली! ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांनी तिला पाहिले.

१९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातली पायताणे काढीत. पुढे साळुंके कॅमेरा चालवायला शिकले आणि छायालेखक झाले. हॉटेलातला नोकर संधी मिळताच यंत्राचा जाणकार झाला, हे मला त्या रामसीतेपेक्षाही मोठे वाटते.

त्या काळी सिनेमात काम करणे कमीपणाचे. म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत, “कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणा.” ही थाप होती, पण मी म्हणतो, ते अगदी खरे होते. तो कारखानाच होता. त्या कारखान्यात सरस्वतीबाई फाळके साठसत्तर माणसांचा स्वयंपाक करीत, कपडे धूत, फिल्मच्या कडांना भोके पाडीत, ती धुऊन काढायलाही हात लावीत. तारामतीचे सोंग घेणाऱ्या पुरुषाचा पगार ठरला होता. घरच्या बाईच्या कामाला दर कोण लावणार?

ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. दिवाळीनंतर आपल्याकडची कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल जोडीला, हजार विटांचा दरही जोडीला. वहीत नाव मात्र नवऱ्याचे. एकदा पावसाच्या तोंडावर अशा हिशेबाला मी बसलो होतो. सारे आकडे जुळले. मी वही मिटली, तेव्हा आतापर्यंत गप्प बसलेली त्याची बायको म्हणाली, “भाऊ, यात माझं किती?”

मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून आमच्या मागणीपत्रातले पहिले कलम एकच असते : वहीत दोन नावे लिहा.