मासा आणि त्याचा डोह



माशांच्या कायद्यावर व्याख्यान म्हटल्यावर कित्येकांना हसू आले असेल. वैशाखात घशाला कोरड पडणाऱ्या खानदेशात माशाची चिंता कोणी करायची! पण विषय जुना आहे. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारू नयेत, विकूही नयेत, असा हुकूम कोरून ठेवला आहे.

पुढे इंग्रज सरकारने 1897 साली कायदा केला. पाण्यात स्फोटके टाकून किंवा विष कालवून मासे मारणाऱ्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळी दोनशे रुपये म्हणजे थोडी रक्कम नव्हे! मात्र या कलमांची नजर होती मारणाऱ्याच्या हातावर. 1972 च्या वन्यजीव कायद्याने वन्यजीवांच्या व्याख्येत मासा घेतला खरा, पण संरक्षण मिळते ते अनुसूचीत नाव असेल त्याला. आणि 2001 साली त्या यादीत जे मासे शिरले ते बहुतेक समुद्रातले, शार्क, पाकट, समुद्रघोडे. नदीतला बिचारा तेव्हा बहुतेक बाहेरच राहिला.

आपल्या तापीच्या खोऱ्यातला महसीर घ्या. वाहत्या, स्वच्छ पाण्याचा हा मासा. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढावे, गोट्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालावीत आणि उन्हाळा खोल डोहात काढावा, असा त्याचा संसार. मध्ये बांध आला की चढण तुटते. वाळू उपसली की विणीची जागा जाते. गावाचे सांडपाणी सोडले की डोह नासतो. यांतली कोणतीही गोष्ट करताना माशाला कोणी हातदेखील लावलेला नसतो! खाली उकाई, वर हतनूर. धरणे नकोत असे मी म्हणत नाही; खानदेशच्या माणसाने तसे म्हणूही नये. जलाशयात कटला, रोहू सोडतात, त्यावर भोयांची घरे चालतात. पण कटला वाढला म्हणून महसीर वाचला, असा हिशेब होत नाही.

मग जागा राखणारा कायदा आहे का? आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्याचे 37 वे कलम. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी, महादेवाच्या देवळाजवळच्या कुंडात एक छोटा मासा सापडला. 2020 साली शास्त्रज्ञांनी त्याला नदीचेच नाव दिले, आणि 2021 साली राज्य सरकारने तेथील 2.11 हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. जळगावची लांडोरखोरी याच कायद्याखाली राखली आहे. ते रान झाले. तापीचा, गिरणेचा, पांझरेचा एखादा डोह का नको? पांझरेकाठी फडाच्या पाण्याची वाटणी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या नियमाने केली; त्यांना डोह राखण्याचे नियम कोणी शिकवायला नको.

आता कोणी विचारील, भोयाने खायचे काय? रास्त प्रश्न आहे. त्याच कलमात लिहिले आहे की, अशा घोषणेने ज्याच्या पोटावर गदा येईल त्याला भरपाई देण्याची किंवा त्याचे पुनर्वसन करण्याची योजना राज्य सरकारने आखावी. स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करूनच घोषणा करायची, असेही त्यात आहे. म्हणजे ठराव ग्रामपंचायतीत मांडता येतो. आणि त्या दिवशी जाळे टाकणारा माणूस सभेत पुढच्या रांगेत बसलेला असला पाहिजे.