तलवारीवरचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



महिला मंडळात तलवारीवर भाषण कशाला, असे कोणी म्हणेल. पण खंडेनवमीला घरातले जुने हत्यार काढून घासण्यापुसण्याचे काम पुष्कळ घरी आपल्याच हातचे असते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

जुन्या तलवारीवर अक्षरे दिसली की जो तो विचारतो, "ही कोणाची?" माझे म्हणणे असे, की या एका प्रश्नाचे तीन प्रश्न करावेत. पाते कोणी घडविले? तलवार कोणी बाळगली? आणि ती आजच्या जागी कशी आली? अक्षरे बहुधा यांपैकी एकाचेच उत्तर देतात.

अलीकडचेच उदाहरण घेऊ. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळविली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. तिच्या पात्यावर देवनागरीत सोन्याने लिहिले आहे : "श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग."

'सेनासाहेब सुभा' हा शाहू छत्रपतींनी दिलेला किताब. 'फिरंग' म्हणजे परदेशी पात्याची सरळ तलवार. म्हणजे नाव मराठी, पाते युरोपातले आणि मूठ मात्र आपल्या मुल्हेरी घाटाची! त्या काळी परदेशी पाती बंदरांतून व्यापाराने येत आणि इकडचे कारागीर त्यांना आपल्या मुठी बसवीत.

पण नागपूरच्या गादीवर रघूजी एक नव्हे, तीन झाले. पहिले १७५५ साली वारले. दुसऱ्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६ आणि तिसऱ्यांची १८१८ ते १८५३. तेव्हा नुसत्या नावाने निवाडा होत नाही. पात्याची घडण, मुठीचा घाट, अक्षरांचे वळण, सर्वांची साक्ष काढावी लागते. सरकारने ही तलवार पहिल्या रघूजींची म्हणून घेतली आहे. राहिला तिसरा प्रश्न. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला. त्यानंतर इंग्रजांच्या हाती गेलेल्या चीजवस्तूंत ही असावी, असा तर्क केला जातो.

येथे नावाने धन्याचा पत्ता दिला. काही ठिकाणी नाव चकवतेही. इराणी पात्यांवर इस्फहानच्या असदुल्लाचे नाव वारंवार आढळते. इतक्या निरनिराळ्या काळांतल्या पात्यांवर, की ती सारी एका माणसाच्या हातून होणे शक्य नाही. नाव गाजले आणि पुढे ते चांगल्या मालाची खूण होऊन बसले. इटलीतील आंद्रेआ फेरारा या सोळाव्या शतकातल्या कारागिराचेही तेच झाले. पासाऊ गावची धावत्या लांडग्याची खूण पुढे जर्मनीतल्याच झोलिंगेनचे कारागीर उठवू लागले. बाजारात नाव खपते, ही गोष्ट काही आजची नाही.

म्हणून घरात अशी तलवार असेल तर माझे चार शब्द ध्यानात ठेवा. चिंच, राख, वाळू लावून ती घासू नका. पुष्कळ तलवारींवर पोलादाला बारीक चरे पाडून त्यांत सोन्याची तार ठोकलेली असते. तो थर फार पातळ असतो. दरवर्षीच्या घासण्याने चकाकी येईल, पण नाव जाईल. आणि गेलेले नाव कोणालाही परत आणता येणार नाही. मऊ कोरड्या फडक्याने धूळ टिपावी, तेलाचा हलका हात फिरवावा. अक्षरांवर बाजूने उजेड पाडून छायाचित्र घ्यावे. लांबी मोजून लिहून ठेवावी. १०० वर्षांहून जुनी तलवार १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते व ती खाजगी रीतीने परदेशी पाठविता येत नाही, हेही माहीत असावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातल्या आजींना, आत्याबाईंना विचारा. तलवार कोणाकडून आली, कोणत्या वाटणीत आली, कोणत्या गावाहून आली? त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत उतरा. "महाराजांनी दिली" असे त्या म्हणाल्या, तर तसेच लिहा; खरेखोटे पुढे जाणकार पाहतील. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पोलादात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर बहुधा म्हाताऱ्या माणसांपाशीच असते आणि ते आपण वेळेवर विचारले तरच राहते.

येत्या खंडेनवमीला फडक्याबरोबर एक वहीही घेऊन बसा, एवढीच विनंती.