दमट हवेतील पेहराव : पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यातील मध्यमवयीनांच्या रोजच्या कपड्यांचा विचार

मराठी समाजात पेहरावाविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुतांशी लग्नकार्य, सणवार आणि प्रादेशिक वैशिष्ट्ये यांच्याभोवती फिरते. सकाळी कामाला निघताना कोणते कापड अंगावर घालावे, हा प्रश्न मात्र खाजगी आणि किरकोळ मानला जातो. चाळिशी ते साठी या वयातील स्त्रीपुरुषांना तो किरकोळ मानून चालत नाही, कारण याच काळात शरीराची उष्णता सांभाळण्याची क्षमता हळूहळू मंदावते, आणि नोकरीतील जबाबदारी व समाजातील मान यांमुळे नीटनेटके दिसण्याची अपेक्षा मात्र वाढलेली असते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की, पालघर आणि बोईसर-तारापूरसारख्या किनारी पट्ट्यात कपड्यांची निवड ऋतूवरून करण्यापेक्षा ते कपडे पाण्याशी, म्हणजे घाम आणि पाऊस या दोहोंशी, कसे वागतात यावरून करणे अधिक शहाणपणाचे आहे.

या पट्ट्याची हवा प्रथम समजून घेतली पाहिजे. सातपाटी, शिरगाव, केळवे, नांदगाव, चिंचणी या गावांच्या पश्चिमेला थेट समुद्र आहे, तर पालघर आणि बोईसर ही लोहमार्गावरची शहरे किनाऱ्यापासून थोडी आत वसलेली आहेत. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून जो वारा येतो त्याला खारे वारे म्हणतात. रात्री हा क्रम उलटून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडचे कोरडे वारे जोरात असले की खारे वारे उशिरा सुटतात आणि तेवढ्या दोन-तीन तासांत पारा झपाट्याने चढतो. हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० अंश सेल्सिअसचा उंबरठा ठरवला असताना किनारी भागासाठी तो ३७ अंशांवरच ठेवला आहे, याचे कारण दमट हवेत तेवढे तापमानही शरीराला सोसत नाही, हे उघड आहे.

पावसाचे वेळापत्रकही पूर्वीसारखे भरवशाचे राहिलेले नाही. २०२० साली हवामान विभागाने मोसमी पावसाच्या आगमन आणि माघारीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा शेजारच्या मुंबईसाठी माघारीची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरपर्यंत पुढे गेली. २०२५ साली तर तेथे मोसमी पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेले आणि ऐन उन्हाळ्यात वादळी पाऊस झाला. ‘सात जूनला छत्र्या बाहेर, दसऱ्याला आत’ असा जो घरगुती हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो आता कपाटातील कपड्यांना लागू पडत नाही. मे ते ऑक्टोबर या अर्ध्या वर्षात कोणत्याही दिवशी ऊन, उकाडा आणि सर एकाच पाळीत भेटू शकतात.

याखेरीज माणसाने स्वतःच निर्माण केलेली हवामाने वेगळी. १६ एप्रिल २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येऊन कोळगावला जिल्ह्याचे मुख्यालय उभे राहिले. तारापूरचे औद्योगिक क्षेत्र आणि १९६९ पासून वीजनिर्मिती करणारे अणुविद्युत केंद्र तर त्याआधीपासूनच होते. या सर्वांमुळे सफाळ्याहून बोईसरला, बोईसरहून अंधेरीला, वाणगावहून पालघरला असा रोजचा उलटसुलट प्रवास करणारा मोठा वर्ग तयार झाला. अशा व्यक्तीचा दिवस गच्च भरलेल्या डब्यातील कोंदट उष्म्यातून शेअर रिक्षातील धूळ व शिंतोडे अंगावर घेत वातानुकूलित कचेरीत, तेथून कारखान्याच्या तापलेल्या शेडमध्ये आणि संध्याकाळी वाऱ्याने गार झालेल्या फलाटावर असा सरकत जातो. एकाच पोशाखाने एवढी स्थित्यंतरे झेलायची असतात.

शरीर थंड होण्याची रीत येथे सांगणे आवश्यक आहे. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. एक ग्रॅम घामाची वाफ होताना त्वचेची सुमारे अडीच किलोज्यूल उष्णता तिच्याबरोबर निघून जाते, परंतु जो घाम ओघळून कॉलरमध्ये किंवा कमरेच्या पट्ट्यात जिरतो तो जवळजवळ वाया जातो. हवेत आधीच किती बाष्प आहे, म्हणजे त्या तापमानाला मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के भरलेले आहे, याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात, आणि ती जितकी जास्त तितके बाष्पीभवन मंद. म्हणून दमट प्रदेशात कपड्याचे पहिले काम घाम टिपण्याचे नसून त्वचेवरून हवा खेळती ठेवण्याचे असते. बगलेत ऐसपैस, गळ्याशी मोकळा आणि कमरेला सैल असा साधा सदरा पुष्कळदा महागड्या कापडाच्या अंगाबरोबर शिवलेल्या शर्टापेक्षा अधिक सुखावह ठरतो, तो यामुळेच.

मध्यम वयात या यंत्रणेत काय बदलते, याविषयी घराघरांत पुरेसे बोलले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. रजोनिवृत्तीच्या आगेमागे, भारतात बहुधा पंचेचाळीस ते पन्नास या वयात, अनेक स्त्रियांना अचानक छाती, मान आणि चेहरा तापून दरदरून घाम फुटतो आणि थोड्याच वेळात थंडी वाजल्यासारखे होते. बोलण्यात याला ‘अंगातून वाफा येणे’ म्हणतात. घाम फुटणे आणि कुडकुडणे यांच्या मधला जो तापमानाचा पट्टा शरीर निमूटपणे सहन करते, तो या काळात अरुंद होतो, असे याचे शास्त्रीय स्पष्टीकरण दिले जाते. अशा स्त्रीला जाड ब्लाउज, अस्तराचा कुर्ता आणि पिन लावून घट्ट बसवलेली ओढणी यांत आठ तास काढावे लागणे हा निव्वळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. पुरुषांचे हाल वेगळे असतात: वाढलेल्या पोटावर आवळलेला पट्टा, आत बनियन, वर खोचलेला टेरीकॉटचा शर्ट. वयानुसार घर्मग्रंथींचा प्रतिसाद मंदावतो, आणि रक्तदाबावरील काही औषधे शरीरातील पाणी कमी करतात किंवा त्वचेकडील रक्तप्रवाहावर परिणाम करतात. त्यामुळे पंचविशीत खपून गेलेला पोशाख पन्नाशीत त्रास देऊ लागला, तर तो मनाचा खेळ समजू नये.

कापडाविषयी सर्वांत जास्त गैरसमज येथेच आहेत. सुती ते चांगले आणि कृत्रिम ते वाईट, एवढ्यावर चर्चा थांबते. ठरावीक तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या हवेत एखादा धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या किती टक्के पाणी धरून ठेवतो, याला आर्द्रता-धारण म्हणता येईल. कापसात ते सुमारे साडेआठ टक्के, व्हिस्कोसमध्ये अकरा ते तेरा, लोकरीत सोळाच्या आसपास आणि पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. कापूस घाम पिऊन घेतो म्हणून कोरड्या उन्हात तो सुखद वाटतो, पण तोच कापूस जुलैमध्ये भिजला की जड होऊन अंगाला चिकटतो आणि लवकर वाळत नाही. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, त्यामुळे ते पटकन वाळते. मात्र साध्या विणीच्या पॉलिएस्टरखाली घाम त्वचेवरच साचतो आणि कपड्याला वास लवकर धरतो. खेळाडूंच्या कपड्यांत धाग्यांमधील सूक्ष्म फटींतून पाणी वर ओढले जावे, ज्याला केशाकर्षण म्हणतात, अशी योजना केलेली असते. बाजारातील प्रत्येक चकचकीत कृत्रिम कापडात ती नसते.

धाग्याइतकीच किंवा त्याहून अधिक महत्त्वाची असते वीण. याचा उत्तम पुरावा कोणत्याही मराठी घरातील वलणीवर सापडतो: पंचा आणि टर्किश टॉवेल दोन्ही कापसाचेच, पण श्रावणातल्या झडीत पंचा पंख्याखाली तासाभरात सुकतो, तर टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलसर राहून कुबट वास मारतो. हाच न्याय मलमल आणि डेनिम यांना लागू पडतो. म्हणून पावसाळ्यातील रोजच्या वापरासाठी पातळ, विरळ विणीचे सुती कापड, किंवा सूत अधिक आणि पॉलिएस्टर कमी असे मिश्रण ही समंजस निवड ठरते; टेरीकॉटचे जे रूढ प्रमाण आहे, ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत, ते इस्त्री वाचवण्यासाठी सोयीचे असले तरी या हवेसाठी उलटे आहे. जीन्स हा प्रकार तर जून ते सप्टेंबर या काळात या किनाऱ्यावर मुळीच वापरण्याजोगा नाही, आणि त्याच्या टिकाऊपणाच्या कौतुकाने हे मत बदलण्याचे कारण दिसत नाही.

या प्रदेशातील जुन्या पोशाखाकडे पाहिले तर हे सारे ज्ञान त्यात कृतीच्या रूपाने आधीच होते. भातलावणीच्या वेळी डोके आणि पाठ झाकणारे इरले हे बांबूच्या कामट्या आणि पानांचे साधन. आता पानांच्या जागी प्लास्टिक आले आहे, पण आकार तोच आहे. इरल्याची खरी करामत त्याच्या उघड्या बाजूत आहे: पाऊस पाठीवर अडतो, समोरून हवा खेळत राहते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. रेनकोट याच्या नेमका उलट वागतो. तो पाऊस बाहेर अडवतो आणि घाम आत कोंडतो, त्यामुळे फलाटावर उतरेपर्यंत माणूस आतून भिजलेलाच असतो. ज्यांना चालणे अधिक आणि दुचाकी कमी अशांनी खांद्यावरून सैल पडणारा, बाजूंनी मोकळा, टोपीचा झगा घ्यावा, कारण तो इरल्याच्या तत्त्वाच्या जवळचा आहे. समुद्राकडून येणाऱ्या झोतात घडीची छत्री उलटी होते, हा अनुभव तर सार्वत्रिक आहे. वारली स्त्रीचे गुडघ्यापर्यंतचे लुगडे चिखलात भिजत नाही, आणि डोक्यावरून घेतलेली घोंगडीची खोळ पावसाचे पाणी बरेचसे निथळू देते व ओली झाल्यावरही काही ऊब राखते. ही गरिबीची निशाणी मानून ज्यांनी टाकून दिली, त्यांनी त्यातील विचारही टाकला, हे नुकसान मोठे आहे.

नेसण्याच्या वस्त्राचा आणखी एक गुण अलीकडे प्रयोगाने तपासला गेला आहे. कपड्याची ऊब मोजण्यासाठी १९४१ साली ‘क्लो’ हे एकक सुचवण्यात आले. २१ अंश तापमानाच्या, वारा नसलेल्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखकर वाटेल एवढ्या पोशाखाची ऊब म्हणजे एक क्लो. माधवी इंद्रगंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम तापमापक पुतळ्यावर साड्या निरनिराळ्या पद्धतींनी नेसवून २०१५ साली असे दाखवले की, नेसण आणि पदर यांची रचना बदलली की त्याच साडीची ऊब बदलते. वातानुकूलित खोलीत पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेणारी आणि बाहेर आल्यावर तो खोचून टाकणारी स्त्री हेच करीत असते. शिवलेल्या पोशाखात ही लवचीकता राहत नाही, म्हणून ती थरांनी भरून काढावी लागते: आत बिनबाह्यांचा पातळ सुती थर, त्यावर मोकळा कुर्ता किंवा शर्ट, आणि पिशवीत घडी घालून मावेल असे एक उपरणे, सुती जाकीट किंवा रुंद ओढणी. जाड स्वेटराला या किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेखेरीज फारसे काम नाही. जव्हारच्या डोंगराळ भागात बदली झालेल्यांची गोष्ट निराळी.

रंगाचा विचार मध्यमवयीनांना प्रतिष्ठेमुळे करावा लागतो. राखाडी आणि फिकट निळ्या एकरंगी कापडावर घामाचे डाग लगेच उठतात, पांढरे भिजल्यावर पारदर्शक होते, गडद रंग उन्हात तापतात. बारीक छापील नक्षी किंवा चौकटी यांत घाम आणि शिंतोडे दोन्ही झाकले जातात. पायांविषयी मात्र अधिक कठोरपणे बोलले पाहिजे. ओले मोजे आणि बंद बूट दिवसभर घातल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, जांघेत गजकर्ण पसरते, आणि ज्यांना मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांना जखम झाल्याचे कळतही नाही. अशांनी अनवाणी किंवा उघड्या चपलेने साचलेल्या पाण्यात जाऊ नये. टाचेला पट्टा असलेली, पाणी निथळून जाईल अशी सँडल प्रवासासाठी आणि कोरडे बूट-मोजे कचेरीत ठेवलेले, ही व्यवस्था सर्वांत सुरक्षित.

तारापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना वरील सर्व सल्ला सरसकट लागू पडत नाही. फिरत्या यंत्राजवळ सैल बाही, ओढणी किंवा पदर जिवावर बेततो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २२ मध्ये चालू यंत्राची तपासणी किंवा त्याला तेल देणे यांसारखी कामे करणाऱ्याने घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे म्हटले होते. ज्वालाग्राही द्रावकांच्या जवळ कृत्रिम कापडाच्या घर्षणातून निर्माण होणारी स्थिर विद्युत धोक्याची असते, आणि आग लागल्यास पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. तेथे सुरक्षितता आधी आणि आराम नंतर, हा क्रम बदलता येत नाही; पण म्हणूनच पाळी संपल्यावर बदलण्यासाठी कोरडा, सैल जोड जवळ असणे या कामगारांना इतरांहून अधिक गरजेचे ठरते.

आणि येथेच हा प्रश्न एकट्या व्यक्तीच्या कपाटातून बाहेर पडतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पेहरावाविषयी परिपत्रक काढून जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर यांना मनाई केली आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरण्याची सूचना केली; खादीची सूचना या हवेला मानवणारी होती. परंतु पेहराव कसा असावा हे सांगणारी प्रत्येक संस्था, मग ती सरकारी असो, शाळा असो वा कंपनी, भिजून आलेल्या माणसाने तो कोठे बदलावा आणि ओला जोड कोठे टांगावा हेही सांगण्यास बांधील आहे. कोळगावच्या मुख्यालयापासून औद्योगिक वसाहतीतील छोट्या कारखान्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी स्त्रिया आणि पुरुषांसाठी स्वतंत्र, पंखा असलेली, दोऱ्या बांधलेली एक खोली जूनच्या आधी तयार ठेवावी आणि वातानुकूलन यंत्र २४-२५ अंशांच्या खाली नेऊ नये, ही मागणी कर्मचारी संघटनांनी वेतन आणि रजांच्या मागण्यांच्या शेजारी लेखी मांडायला हवी.