सव्वीस डायलिसिसचे पैसे

(भाईंदर पूर्व येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही आणि सीए पण नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरची नोकरी करतो. भाईंदर पूर्वेलाच वाढलो, रोज सकाळी तुमच्यासारखाच लोकलमध्ये लटकतो. आजारपण आणि इन्कम टॅक्स या विषयावर मला बोलायला सांगितलंय, कारण या विषयात मी एकदा साफ नापास झालोय.

२०१९ च्या जुलैमध्ये माझ्या अब्बांचं डायलिसिस सुरू झालं. तेव्हा त्यांचं वय ६१. दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून तीन वेळा, एका वेळेचे १,२०० रुपये. इंजेक्शनं, औषधं, तपासण्या, रिक्षा हे वेगळं. मार्चपर्यंत दोन लाखांच्या आसपास खर्च झाला. मी एटीएममधून पैसे काढायचो, काउंटरवर रोख द्यायचो, पावती खिशात कोंबायचो आणि घरी आल्यावर अम्मीच्या एका प्लास्टिकच्या पिशवीत टाकायचो.

मार्चमध्ये ऑफिसने वजावटीचे पुरावे मागितले तेव्हा ती पिशवी काढली. औषधांच्या निम्म्या पावत्या कोऱ्या! थर्मल पेपरवरची शाई काही महिन्यांत उडते, हे मला, इंजिनिअर माणसाला, तेव्हा कळलं. वर एकाने सांगितलं की सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, खासगीचं चालत नाही. अब्बांना घेऊन सरकारी हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहायची ताकद कुणात नव्हती. मी तो विषयच सोडून दिला.

पुढच्या वर्षी नीट वाचल्यावर कळलं की सरकारी डॉक्टरची ती अट २०१५ च्या अर्थसंकल्पातच काढून टाकलेली होती. मी हिशोब केला. माझं करपात्र उत्पन्न तेव्हा २० टक्क्यांच्या टप्प्यात होतं. माझ्या अज्ञानाची किंमत निघाली ३१,२०० रुपये. म्हणजे सव्वीस डायलिसिस. जवळजवळ दोन महिन्यांचा उपचार. हा आकडा माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, म्हणून आज इथे उभा आहे.

आता ते ३१,२०० कसे, ते सांगतो. आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलमांचे घेतो, कारण सगळे तेच बोलतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा फॉर्म भरताना नवा क्रमांक बघून घ्या.

पहिलं कलम ८०डीडीबी. हे ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारखर्चासाठी आहे. यादी नियम ११डीडीमध्ये आहे : कॅन्सर, किडनी कायमची निकामी होणं, पूर्ण अवस्थेतला एड्स, हिमोफिलिया आणि थॅलेसेमिया, आणि पार्किन्सन, डिमेन्शिया, मोटर न्यूरॉन यांसारखे मज्जासंस्थेचे काही आजार. या शेवटच्या गटात अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असावं लागतं. यादीत काय नाही तेही ऐका. मधुमेह नाही, हृदयाची बायपास नाही, क्षयरोग नाही. बायपासला चार लाख गेले तरी या कलमात एक रुपया मिळत नाही.

वजावट किती? रुग्ण ६० वर्षांखालचा असेल तर जास्तीत जास्त ४०,०००, ६० किंवा वरचा असेल तर १ लाख. वय रुग्णाचं बघायचं, पैसे भरणाऱ्याचं नाही. रुग्ण म्हणजे तुम्ही स्वतः, किंवा तुमच्यावर अवलंबून असलेले नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण. सासू-सासरे यात येत नाहीत.

इथे एक गैरसमज काढून टाका. वजावट म्हणजे सरकार एक लाख परत देणार असं नाही. तेवढ्या उत्पन्नावर कर लागत नाही, एवढंच. २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट २०,८०० वाचतात.

कागद काय लागतो? तज्ज्ञ डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन. त्यावर रुग्णाचं नाव आणि वय, आजाराचं नाव, डॉक्टरचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि पदवी हवी. आणि तो त्याच आजाराचा तज्ज्ञ हवा. किडनीसाठी नेफ्रॉलॉजिस्ट किंवा युरॉलॉजिस्ट, कॅन्सरसाठी ऑन्कॉलॉजिस्ट. आपल्या गल्लीतला डॉक्टर कितीही चांगला असला तरी त्याची चिठ्ठी चालणार नाही. दुसऱ्या वर्षी मी अब्बांच्या नेफ्रॉलॉजिस्टकडे हे मागितलं. त्यांनी पाच मिनिटांत लेटरहेडवर लिहून दिलं आणि विचारलं, "गेल्या वर्षी का नाही मागितलंत?" मी काय सांगणार!

दुसरं कलम ८०डी. हे आपण आरोग्यविम्याच्या हप्त्यासाठी ओळखतो. पण त्यातलीच एक तरतूद आपल्या घरांसाठी फार कामाची आहे. आई किंवा वडील ६० च्या वर असतील आणि त्यांचा विमाच नसेल, तर त्यांच्या उपचारावर केलेल्या खर्चाची ५०,००० पर्यंत वजावट मिळते. इथे आजारांची यादी नाही. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असायला हवेत अशीही अट नाही. अट एकच आणि ती कडक आहे : पैसे रोख दिलेले चालत नाहीत. यूपीआय, कार्ड, चेक, बँक ट्रान्सफर, काहीही, पण नोटा नाहीत.

अब्बांचा विमा नव्हता. किडनी गेल्यावर कोण देणार? म्हणजे ८०डीडीबीचे एक लाख आणि ८०डीचे ५०,००० मला दोन्ही मिळाले असते. पहिले २०,८००, दुसरे १०,४००. पहिले चुकीच्या माहितीमुळे गेले, दुसरे मी नोटा मोजत बसलो म्हणून गेले. फक्त एक लक्षात ठेवा, एकच बिल दोन्ही ठिकाणी दाखवायचं नाही. डायलिसिसची बिलं एका फाईलमध्ये, बाकीची दुसरीत, असं मी नंतर केलं.

आता दोन अडचणीच्या जागा.

एक, विमा. ८०डीडीबीत विमा कंपनीकडून किंवा ऑफिसकडून जी रक्कम मिळाली ती वजावटीतून कमी होते. एकूण खर्चातून नाही, वजावटीतून. समजा वडिलांच्या कॅन्सरवर पाच लाख खर्च झाले आणि विम्याने दोन लाख दिले. तुमच्या खिशातून तीन लाख गेले. पण वजावटीची मर्यादा एक लाख, त्यातून दोन लाख वजा, शिल्लक शून्य. अन्याय वाटतो ना? मलाही वाटतो. पण कायदा असा लिहिलाय.

दोन, मदत म्हणून आलेले पैसे. आपल्याकडे आजारपणात माणसं धावून येतात, ही आपली मोठी श्रीमंती आहे. पण कायदा नातेवाईक कुणाला म्हणतो ते बघा. आई-वडील, भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, खाला यांनी दिलेल्या पैशांवर कर नाही. चुलतभाऊ, मामेभाऊ, मित्र, शेजारी या व्याख्येत बसत नाहीत. अशा लोकांकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर रक्कम आली तर ती पूर्ण रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. कोविडच्या उपचारासाठी मिळालेल्या मदतीला सरकारने यातून सूट दिली, कॅन्सरला आणि किडनीला दिली नाही. उसने घेतले असतील तर तसं लिहून ठेवा आणि बँकेतूनच घ्या, कारण २०,००० किंवा त्यावरचं कर्ज रोखीने घेणं कायद्याने मना आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे जे मी सांगितलं ते फक्त जुन्या करपद्धतीत मिळतं. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०डी नाही, ८०डीडीबीही नाही. जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते, आणि विवरणपत्र मुदतीत, म्हणजे साधारण ३१ जुलैच्या आत भरलं तरच ती निवडता येते. उशीर झाला की दार बंद. पगारदार माणूस दरवर्षी निवड बदलू शकतो. धंदा करणाऱ्याला वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि पुन्हा पुन्हा बदलता येत नाही.

मग जुनीच घ्यायची का? नाही, हिशोब करायचा. २०२५-२६ च्या दरांनी बघू. ज्यांचा पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत आहे त्यांना नव्या पद्धतीत कर शून्य. इथे बसलेल्या बहुतेकांचा प्रश्न तिथेच संपला. आता पगार १६ लाख धरा. नव्या पद्धतीत कर येतो १,१३,१००. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट, ८०सीचे दीड लाख, घरकर्जाच्या व्याजाचे दोन लाख, ८०डीचे ५०,००० आणि ८०डीडीबीचे एक लाख, एवढं सगळं घेऊनही कर येतो १,३२,६००. म्हणजे १९,५०० जास्त! त्यात स्वतःच्या विम्याचे २५,००० आणि एनपीएसचे ५०,००० घातले की येतो १,११,८००. आता जुनी पद्धत १,३०० रुपयांनी स्वस्त झाली. काटा इतका बारीक आहे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर कॅल्क्युलेटर आहे, दोन्ही आकडे काढा, मग ठरवा.

यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. गंभीर आजारात करातून मिळणारा आधार आता फार थोड्या घरांपुरता राहिलाय. आणि ज्याचं उत्पन्नच कराइतकं नाही त्या रिक्षावाल्याला, शिवणकाम करणाऱ्या खालाला तो कधीच नव्हता. त्यांच्यासाठी दुसरे दोन दरवाजे माहीत असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार यादीतल्या हॉस्पिटलांत मिळतो, आणि त्यात डायलिसिस आहे. रेशन कार्ड नीट आहे का ते आजच बघा, आयसीयूच्या बाहेर उभं राहून नाही. दुसरं, ट्रस्टच्या म्हणजे धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवकाला भेटा, उत्पन्नाचा दाखला सोबत न्या, आणि मागा. ती भीक नाही.

शेवटचा मुद्दा जरा कडू आहे. माझा एक मित्र आहे. त्याला एका एजंटने सांगितलं, "रिफंड काढून देतो, दहा टक्के माझे." मित्राने फॉर्म १६ दिला, पासवर्ड दिला, रिफंड आला, पार्टी झाली. दोन वर्षांनी खात्याकडून विचारणा आली. बघतो तर एजंटने ८०डीडीबीखाली त्याच्या आईला कॅन्सर दाखवलेला. आई घरात ठणठणीत, भाकऱ्या थापतेय. मित्राला कर, व्याज सगळं भरावं लागलं. पण तो मला म्हणाला, "पैशांचं काही नाही रे, अम्मीच्या नावापुढे ते लिहिलेलं वाचलं ना, ते जात नाही डोळ्यांपुढून."

हे एकट्याचं नाही. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी अशा खोट्या वजावटींची तपासणी सुरू केली, आणि गैरवापर झालेल्या कलमांत ८०डी आणि ८०डीडीबी ही दोन्ही नावं होती. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. विवरणपत्र एजंटने भरलं तरी खाली नाव तुमचं असतं, जबाबदारी तुमची. आणि खोट्यांची संख्या वाढली की झळ खऱ्या रुग्णालाच बसते. प्रत्येक खऱ्या कागदाकडे संशयाने बघितलं जातं.

तुमच्याकडे माझं मागणं छोटं आहे. इथे प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन आहे. घरात कुणाला मोठा आजार निघाला की त्याच दिवशी एक फोल्डर उघडा. प्रत्येक पावतीचा फोटो काढा, शाई उडायच्या आत. पैसे कोण भरणार हे भावंडांनी पहिल्या महिन्यातच ठरवा, आणि ज्याच्या नावावर वजावट घ्यायची त्याच्याच खात्यातून भरा. तज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन लगेच मागून घ्या. आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये असं एखादं घर असेल तर जाऊन विचारा, "खाला, कागद मी बघू का?" त्या घरातल्या माणसांना तेव्हा कागद दिसत नसतात.

अब्बा २०२३ मध्ये गेले. शेवटची तीन वर्षं माझ्या फाईलमधला एकही कागद कमी नव्हता. फाईल बघून ते म्हणायचे, "इंजिनिअर झालास ते आता कामाला आलं."

 प्रश्न असतील तर विचारा. पगाराचा आकडा सगळ्यांसमोर सांगायचा नसेल तर नंतर बाहेर चहाच्या टपरीवर भेटू.